नवी इलेक्ट्रिक गिटार आली, आता आधी कुठला स्क्रू फिरवायचा?

गिटार बझ करते (तार खरखरते) म्हणून ब्रिज, म्हणजे बॉडीवर तारा टेकतात तो भाग, वर उचलला जातो. ब्रिज वर गेला की बोटं दुखायला लागतात, मग कुणीतरी ट्रस रॉड (नेकच्या, म्हणजे गिटारच्या लांब मानेच्या, आतला धातूचा गज) आवळायला सांगतं. तो आवळला की पहिल्या तीन-चार फ्रेटवर (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांवर) नवाच बझ सुरू होतो, सूर हलतो आणि "पीसच खराब आला" म्हणून गिटार कपाटावर जाऊन बसते. कोल्हापुरात नवी गिटार घेतलेल्या पोरांकडून आणि त्यांच्या पालकांकडून हीच कथा ऐकू येते. यातल्या बऱ्याच गिटारींना काहीच झालेलं नसतं, फक्त सेटअप (मापं जुळवण्याचं काम) झालेला नसतो. काही मात्र खरोखरच परत पाठवायच्या लायकीच्या असतात, आणि ते कळेपर्यंत परतीची मुदत उलटून गेलेली असते.

खालचा क्रम मोडू नका. प्रत्येक पायरीचं माप आधीच्या पायरीवर उभं आहे. सगळी मापं सहा तारांच्या साध्या गिटारची आहेत, ब्रिज पक्का असो वा साधा ट्रेमोलो (दांडीने हलणारा ब्रिज). दोन्ही टोकांना लॉक होणारा ट्रेमोलो असेल तर पहिल्या दोन पायऱ्या करा आणि पुढचं काम जाणकाराकडे द्या. नवशिक्याने त्यात हात घालू नये.

## १. खोकं उघडताना

कुरियरच्या गाडीत तापलेली गिटार लगेच बाहेर काढू नका. बंद खोकं घरात चार-पाच तास पडू द्या. उघडताना मोबाइलवर सलग व्हिडिओ काढा. पत्त्याच्या लेबलपासून सुरुवात करा आणि गिटार चारही बाजूंनी दिसेपर्यंत थांबवू नका. खोकं, थर्माकोल, पिशव्या काहीही टाकू नका. बिल आणि वॉरंटी कार्ड एकत्र ठेवा.

परतीची मुदत आजच वाचून काढा. ऑनलाइन खरेदीत ती बहुधा आठवडा-दहा दिवसांची असते, आणि दुकानातून घेतलेल्या मालाचे नियम दुकानागणिक वेगळे. दुकानदार किंवा कंपनी उडवाउडवी करू लागली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. तक्रारीत फोटो, व्हिडिओ आणि बिल असेल तर बोलणं भरकटत नाही.

जपून: ठेवायची की परत द्यायची हे ठरेपर्यंत कानस, पॉलिश पेपर, सोल्डरिंग काहीही नको. एकदा कानस लागली की "तुम्हीच बिघडवली" म्हणायला समोरच्याला जागा मिळते.

## २. ठेवायची की परत द्यायची

आहेत त्याच तारा नीट सुरात लावा आणि मगच तपासा. ढिल्या तारांवर केलेल्या तपासणीला अर्थ नाही, कारण तारांचा ताण आला की नेकचा आकार बदलतो.

नेकचा पीळ. हेडस्टॉककडून (खुंट्या असतात त्या टोकाकडून) डोळा लावून नेकच्या लांबीवरून ब्रिजकडे बघा. नेकला किंचित पुढे बाक असेल तर तो दुरुस्त होतो. पण एका बाजूचे फ्रेट एकीकडे झुकलेत आणि पुढचे दुसरीकडे, असा पीळ दिसला तर गिटार परत. ट्रस रॉड बाक काढतो, पीळ काढत नाही.

तारांची रांग. पहिली (सगळ्यात बारीक) आणि सहावी (सगळ्यात जाड) तार फ्रेटबोर्डच्या कडेपासून साधारण सारख्या अंतरावर हवी. पहिली तार कडेला इतकी चिकटलेली असेल की वाजवताना घसरून खाली पडते, तर नेक तिरकी बसली आहे. स्क्रूने बसवलेली नेक असेल तर तारा ढिल्या करा, मागचे चार स्क्रू अर्धा-अर्धा आटा सैल करा, नेक हलकेच सरकवून पुन्हा आवळा. बऱ्याचदा एवढ्यावर भागतं. डिंकाने चिकटवलेली नेक तिरकी असेल तर परत.

ब्रिजची जागा. हे जवळजवळ कुणीच बघत नाही. नटच्या (हेडस्टॉकजवळची खाचांची पट्टी, जिच्यावरून तारा जातात) पुढच्या कडेपासून बाराव्या फ्रेटच्या माथ्यापर्यंत माप घ्या. स्ट्रॅटोकास्टर पद्धतीच्या गिटारला ते ३२४ मिमीच्या आसपास येतं, लेस पॉल पद्धतीच्या गिटारला ३१४ च्या आसपास. आता बाराव्या फ्रेटपासून पहिल्या तारेच्या सॅडलपर्यंत (ब्रिजवर ती तार टेकते तो छोटा तुकडा) मोजा. ते अंतर तेवढंच किंवा एक-दोन मिमी जास्त हवं, आणि जाड तारांची सॅडल त्याहून थोडी मागे. सॅडल स्क्रूच्या टोकापर्यंत नेऊनही हे माप जमत नसेल तर ब्रिजची भोकंच चुकलेली आहेत. ही गिटार जन्मात सुरात वाजणार नाही, परत द्या.

तडे. हेडस्टॉक जिथे मागे झुकतो ती जागा आणि नेक बॉडीला मिळते तो कोपरा, दोन्हीकडे टॉर्च तिरका धरून बघा. वार्निशवरची केसाएवढी रेघ नखाला लागत नाही. लाकडातला तडा नखाला अडतो आणि हेडस्टॉक हलका दाबला की उघडझाप करतो.

ट्रस रॉड. योग्य मापाची ॲलन की लावून हलकेच पाव आटा सैल करा आणि पुन्हा होता तिथे आणा. रॉडचा नट गोल गोल फिरतोय पण काही धरत नाही, किंवा हातच्या जोराने जागचा हलत नाही, तर दोष कंपनीचा आहे. तिथे जोर लावू नका.

आवाज. ॲम्पला लावा. पिकअप (तारांखालची चुंबकाची पट्टी, जी तारेचा आवाज पकडते) निवडायच्या स्विचच्या प्रत्येक जागी सहाही तारा वाजवून बघा. व्हॉल्यूम आणि टोन शून्यापासून दहापर्यंत फिरवा. एखादा पिकअप मुकाच असेल तर आधी दुसरी केबल लावून बघा. निम्म्या वेळा दोष केबलचा निघतो.

फ्रेटची टोकं टोचणं, उंच ॲक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची), चुकलेलं इंटोनेशन (तार वर दाबल्यावर सूर चुकणं), पॉटची (व्हॉल्यूम-टोनच्या नॉबखालच्या भागाची) खरखर, सैल जॅक (केबल लावायची जागा) ही परतीची कारणं नाहीत. पीळ, तडा, अडकलेला ट्रस रॉड, चुकलेला ब्रिज किंवा चार-पाच उचललेले फ्रेट (ओळखायचे कसे ते पायरी ८ मध्ये) असतील तर ती आहेत. "तुम्ही सेटअप करून घ्या, होईल ठीक" असं सांगून अशी गिटार गळ्यात मारायचा प्रयत्न होतो. ऐकू नका.

## ३. हत्यारं

बहुतेक हत्यारं गिटारच्या दुकानात शोधायची गरज नाही, कोल्हापूर हे फौंड्री आणि लेथचं गाव आहे. उद्यमनगरात टूल्सच्या दुकानात फिलर गेज सहज मिळतो, तोच जो गॅरेजवाले टॅपेट सेट करायला वापरतात. ०.०५ पासून १ मिमीपर्यंतची पानं असलेला घ्या. सोबत सहा इंची पोलादी पट्टी, ज्यावर अर्ध्या मिमीच्या खुणा आहेत.

पट्टी घेताना एक बघा. पोलादी पट्टीचा शून्य अगदी कडेपासून सुरू होतो. शाळेच्या प्लास्टिक पट्टीला शून्याआधी तीन-चार मिमी मोकळी जागा असते. त्या पट्टीने ॲक्शन मोजली तर सगळाच हिशोब चुकतो.

उंच फ्रेट पकडायला सरळ धारेचा पोलादी तुकडा लागतो. बाहेरून मागवला तर महाग पडतो. ओळखीच्या वर्कशॉपमध्ये सपाट पट्टीचे दोन चौकट तुकडे कापून कडा सरफेस ग्राइंडरवर मारून घ्या, एक ७५ × ५५ मिमी आणि दुसरा ४० × २८ मिमी. फ्रेट ब्रिजकडे एकमेकांच्या जवळ येत जातात आणि तुकडा प्रत्येक ठिकाणी फक्त तीन फ्रेटवर बसायला हवा. या चार कडांमध्ये पहिल्यापासून बावीसाव्यापर्यंत सगळे फ्रेट तपासून होतात.

बाकी सामान: ॲलन कीचा मिमीचा आणि इंचाचा असे दोन्ही संच, फुली आणि चपटा स्क्रू ड्रायव्हर, कॅपो (फ्रेटवर तारा दाबून धरणारा चिमटा), मोबाइलवरचा ट्युनर, मास्किंग टेप, पेन्सिल.

जपून: ॲलन की "जवळपास बसते" म्हणून वापरू नका. इंचाच्या नटात मिमीची की घातली की कोपरे गोल होतात आणि मग तो नट काढायला गिटारच्या किमतीचा खर्च येतो.

## ४. तारा बदला, पण जाडी आधी ठरवा

दुकानात महिनोन्‌महिने लटकलेल्या गिटारच्या तारांवर सेटअप करणं म्हणजे फुकटचे कष्ट. नव्या तारा लावा. मात्र जाडी एकदाच ठरवा, ०९-४२ किंवा १०-४६ (पहिल्या आणि सहाव्या तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत). जाडी बदलली की ताण बदलतो, ताण बदलला की नेक हलते आणि पुढचं सगळं काम पुन्हा करावं लागतं. नवशिक्याला ०९ बऱ्या.

ट्रेमोलो असेल तर तारा एकेक करूनच बदला. पक्का ब्रिज असेल तर सगळ्या काढा आणि हाताला लागेल तेवढं उरकून घ्या: खुंट्यांचे सैल नट आवळा, फ्रेट कोरड्या कापडाने पुसा. गडद, बिनवार्निशचा फ्रेटबोर्ड कोरडा दिसत असेल तर फ्रेटबोर्डच्या तेलाचे चार थेंब पुसून लगेच कोरडे करा. खोबरेल, तीळ, सरसोचं तेल लावू नका, ते लाकडात चिकट होऊन बसतं. मेपलच्या चकचकीत फ्रेटबोर्डला कुठलंच तेल लागत नाही.

नटच्या खाचांमध्ये पेन्सिलचं टोक फिरवा, शिसं तारेला सरकायला मदत करतं. खुंटीवर दोन ते तीन वेढे पुरे. सुरात लावल्यावर प्रत्येक तार बोटाने उचलून हलकी ताणा आणि पुन्हा सुरात लावा. ताणूनही सूर उतरायचा थांबला की मग पुढे जा. "माझी गिटार सुरात राहत नाही" ही तक्रार निम्म्याहून जास्त वेळा इथेच मिटते.

ट्रेमोलोवाल्यांसाठी आत्ताच एक निर्णय: दांडी वापरणार आहात का? नसाल तर मागची झाकणी काढा आणि स्प्रिंगच्या पंजाचे दोन स्क्रू आवळून ब्रिज बॉडीला पूर्ण टेकवा. वापरणार असाल तर ब्रिजची मागची कड बॉडीपासून सुमारे ३ मिमी वर तरंगेल इतके ते स्क्रू जुळवा आणि प्रत्येक फेरीनंतर सूर पुन्हा लावा. हे मागाहून केलं तर ॲक्शन बदलते.

## ५. नेक सरळ करणं

नेक शंभर टक्के सरळ नको. तार वाजताना मध्यभागी जास्त हलते, म्हणून नेकला अगदी बारीक बाक लागतो. त्याला रिलीफ म्हणतात.

गिटार वाजवायच्या स्थितीत मांडीवर धरा. टेबलावर आडवी ठेवून माप घेतलं तर वजनाने नेक वाकते. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा. सहावी तार नेक बॉडीला मिळते तिथे, म्हणजे साधारण सतराव्या फ्रेटवर, बोटाने दाबा. आता सातव्या-आठव्या फ्रेटचा माथा आणि तारेची खालची बाजू यांच्यामध्ये फिलर गेजचं ०.२५ चं पान सरकवा. तार न उचलता पान हलकेच घासून गेलं तर रिलीफ बरोबर आहे आणि या पायरीला हात लावायची गरज नाही. ०.२ ते ०.३ मिमी चालतं.

०.४० चं पानही सहज जात असेल तर बाक जास्त आहे. ट्रस रॉड उजवीकडे, पाव आटा आवळा. ०.१० चं पानही जात नसेल तर नेक सपाट किंवा मागे वाकलेली आहे, मग डावीकडे पाव आटा सैल करा. पुन्हा सूर लावा, दहा मिनिटं थांबा, पुन्हा मोजा. आवळताना रॉडचा नट जड लागला तर तारा थोड्या ढिल्या करून आवळा.

जपून: एका बैठकीत अर्ध्या आट्याहून जास्त नको. माप अजून चुकत असेल तर उरलेलं उद्या. लाकूड रात्रभरात आणखी थोडं हलतं.

जपून: ट्रस रॉडने ॲक्शन कमी करू नका. ॲक्शन थोडी खाली येते हे खरं, पण त्याची किंमत पहिल्या पाच फ्रेटवरच्या बझने मोजावी लागते. सुरुवातीला सांगितलेल्या कथेतली चूक नेमकी ही.

## ६. नट तपासा

आधी कॅपो काढून ठेवा, मग तिसऱ्या फ्रेटच्या लगेच मागे तार दाबा आणि पहिल्या फ्रेटवरची फट बघा. जाड तारेखाली झेरॉक्सचा एक कागद जेमतेम सरकेल एवढी फट चालते. पहिल्या तारेखाली त्याहून कमी हवी, पण शून्य नको. दोन-तीन कागद आरामात जात असतील तर खाच उंच आहे. एफ कॉर्डला बोटं मोडतात आणि पहिल्या फ्रेटवरचे सूर चढे लागतात ते याच्यामुळे. पोराला वाटतं आपली बोटंच कच्ची आहेत.

दुसरी खूण आवाजाची. सूर लावताना खुंटी फिरवली तरी काही होत नाही, मग अचानक "टिंग" होऊन सूर उडी मारतो. खाच अरुंद आहे, तार अडकते. आधी पेन्सिलचं शिसं पुन्हा लावून बघा. नाहीच जमलं तर त्याच जाडीच्या जुन्या तारेभोवती ६०० नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळून खाचेत चार-सहा वेळा फिरवा. कल नेहमी हेडस्टॉकच्या बाजूला खाली ठेवा.

खाच खोल करायची तर प्रत्येक तारेच्या जाडीची नट फाइल लागते. ती नसेल तर हे काम करू नका. खाच एकदा खोल गेली की मोकळी तार कायम बझ करते आणि नट बदलण्याशिवाय इलाज राहत नाही.

## ७. ॲक्शन

कॅपो काढलेलाच ठेवा. तार मोकळी. पोलादी पट्टी बाराव्या फ्रेटवर उभी टेकवा आणि फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या बाजूपर्यंत मोजा.

सुरुवातीला ही मापं ठेवा: सहावी तार २.० मिमी, पाचवी १.९, चौथी १.८, तिसरी १.७, दुसरी १.६, पहिली १.५. हात हलका असेल तर नंतर सगळीकडे ०.२ ने खाली आणता येईल. जोरात वाजवणाऱ्याने आणू नये.

स्ट्रॅट पद्धतीच्या ब्रिजमध्ये प्रत्येक सॅडलला दोन छोटे स्क्रू असतात. दोन्ही सारखेच फिरवा, नाहीतर सॅडल तिरकं होऊन तार एका बाजूला सरकते. लेस पॉल पद्धतीच्या ब्रिजला दोन टोकांना दोन चाकं असतात. तिथे फक्त पहिली आणि सहावी तार जुळवा, मधल्या आपोआप बसतात.

सगळी सॅडल तळाला टेकली तरी ॲक्शन उंचच? मग नेकचा कोन चुकलाय. स्क्रूने बसवलेल्या नेकच्या खोबणीत बॉडीच्या आतल्या टोकाकडे व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीची पट्टी ठेवून नेक पुन्हा आवळली तर ॲक्शन बऱ्यापैकी उतरते. मात्र परतीची मुदत चालू असेल तर आधी तक्रार करा.

## ८. बझ कुठून येतोय

इथे घाई करू नका, कारण या पायरीवर सगळ्यात जास्त नुकसान होतं. आधी ठरवा की बझ ऐकू कुठे येतो. गिटार ॲम्पला न लावता वाजवली की थोडी खरखर येतेच. ॲम्पमधून येत नसेल तर ती सोडून द्या. मिरजेचे कारागीर तानपुऱ्याच्या घोडीवर जवारी (तारेची गुंजती खरखर) काढतात ती मुद्दाम आणि मोजून. इथे आपल्याला फक्त ॲम्पमधून जाणवणारा, सूर मारणारा बझ शोधायचा आहे.

फक्त मोकळी तार बझ करते आणि दाबलेली नाही: नटची खाच खोल. पहिल्या पाच फ्रेटमध्ये सगळीकडे बझ: रिलीफ कमी, पायरी ५ पुन्हा करा. बाराव्याच्या पुढे सगळीकडे: ॲक्शन फार खाली, किंवा नेक बॉडीला मिळते तिथे फ्रेटबोर्डला उंचवटा. एकाच तारेवर एकाच जागी: पुढचा फ्रेट उंच.

शेवटचा प्रकार नव्या गिटारीत सर्रास आढळतो. राजारामपुरीतल्या एका कॉलेजच्या पोराची गिटार पाहायला मिळाली. दुसऱ्या तारेवर नववा फ्रेट दाबला की खर्रर. त्याने ब्रिज चढवत चढवत ॲक्शन ३ मिमीपर्यंत नेली होती, तरी खर्रर तशीच. पोलादी तुकड्याची ५५ ची कड नऊ-दहा-अकरा या तीन फ्रेटवर पहिल्या-दुसऱ्या तारेखाली ठेवली आणि दोन्ही टोकं आळीपाळीने दाबली. टक, टक. मधला, म्हणजे दहावा, फ्रेट वर. पाचव्या-सहाव्या तारेकडे तोच तुकडा गप्प बसला, म्हणजे फ्रेट एकाच टोकाला उचललेला. टॉर्च मारल्यावर फ्रेटखाली कागद जाईल एवढी फट दिसली. फ्रेटवर लाकडाचा लहान ठोकळा ठेवून प्लास्टिकच्या हातोडीचे दोन हलके ठोके दिले, फ्रेट बसला. मग ॲक्शन परत खाली आणली. त्या गिटारीला कानस लागलीच नाही.

हाच क्रम तुमच्याकडेही ठेवा: तुकडा लावा, फट बघा, ठोका द्या, पुन्हा तुकडा लावा. फट नसताना फ्रेट उंच असेल तर तो घासून माथा पुन्हा गोल करावा लागतो. ते काम फ्रेट लेव्हलिंग येणाऱ्याकडेच द्या. सतार-तानपुऱ्याचे कारागीर कानस धरण्यात कितीही पटाईत असले तरी सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले आणि सरकणारे, गिटारचे फ्रेट खाचेत ठोकलेले. गिटारचं काम केलंय का, असं स्पष्ट विचारा आणि केलेली एखादी गिटार वाजवून बघा.

फ्रेटची टोकं हाताला टोचत असतील तर हवामानाचा अंदाज घ्या. फेब्रुवारी ते मे कोरडी हवा असते, लाकूड आक्रसतं आणि टोकं बाहेर येतात. फ्रेटबोर्डला दोन्हीकडून मास्किंग टेप लावा आणि बारीक कानस ४५ अंशात धरून फक्त टोकाची धार मारा. लाकडाला लागेल इतकं नको.

## ९. पिकअपची उंची

हे इंटोनेशनच्या आधी. पिकअपचं चुंबक तारेला खेचतं. फार जवळ असेल तर वरच्या फ्रेटवरचे सूर थरथरतात, आणि ट्युनर खोटं सांगतो.

शेवटचा फ्रेट दाबून तार ते पिकअप अंतर मोजा. सिंगल कॉइलला (एका गुंडाळीचा पिकअप) सहाव्या तारेखाली २.४ मिमी, पहिलीखाली २.०. हमबकरला (दोन गुंडाळ्यांचा पिकअप) नेककडच्या पिकअपसाठी २.४ च्या आसपास आणि ब्रिजकडच्यासाठी १.६. एवढं झालं की स्विच बदलून बघा. एक पिकअप ओरडतो आणि दुसरा कुजबुजतो असं असेल तर ओरडणारा खाली घ्या.

## १०. इंटोनेशन

बाराव्या फ्रेटवर तारेला फक्त स्पर्श करून हार्मोनिक वाजवा, ट्युनरवर तो अचूक आणा. आता त्याच फ्रेटवर तार नेहमीच्या दाबाने दाबून वाजवा.

दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल मागे, म्हणजे नटपासून दूर. उतरा असेल तर पुढे. सॅडल हलवायच्या आधी तार ढिली करा, नाहीतर स्क्रूचे आटे जातात. हलवा, पुन्हा सुरात लावा, पुन्हा तपासा. प्रत्येक तारेला तीन-चार फेऱ्या लागतात, त्यात काही वावगं नाही. सॅडल मागे जायचंच थांबलं तर आतली स्प्रिंग काढून थोडी कापा.

बोट जोरात दाबलं तर दाबलेला सूर आपसूक चढतो आणि तुम्ही सॅडल उगाच मागे नेता. जसं रोज वाजवता तसंच दाबा.

तपासा: सहाही तारा झाल्यावर मोकळा जी आणि डी कॉर्ड वाजवा. बाराव्या फ्रेटवर सगळं अचूक असूनही मोकळा कॉर्ड बेसूर लागत असेल तर दोष इंटोनेशनचा नाही, नट उंच आहे. पायरी ६ वर परत जा.

## ११. वायरिंग आणि गुणगुण

जॅकचा नट सैल असेल तर नुसता बाहेरून आवळू नका. जॅक आतून बोटांनी धरा आणि मग पाना फिरवा, नाहीतर आतल्या वायरींना पीळ पडून सोल्डरिंगचा डाग सुटतो. पॉटची खरखर घालवायला इलेक्ट्रॉनिक कॉन्टॅक्ट क्लीनर मारा आणि नॉब वीस वेळा फिरवा. पेट्रोल नको. सोल्डरिंगचा साधा डाग सुटला असेल तर बेंजो पार्टीची वाद्यं दुरुस्त करणाऱ्या माणसालाही ते काम जमतं. नवं सर्किट बसवायचं तर गिटारचंच काम करणारा बघा.

सिंगल कॉइलची थोडी गुणगुण असणारच. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, तोच सूर पिकअप पकडतो. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी झाली तर गिटारचं ग्राउंड ठीक आहे. हात लावल्यावर वाढली, किंवा काहीच फरक पडला नाही, तर ब्रिजची ग्राउंड वायर तुटलीय का ते बघा, आणि घरातलं अर्थिंगही.

जपून: पेठांमधल्या जुन्या घरांत अजून दोन पिनांचे प्लग आहेत आणि गणपतीच्या मांडवात जोडण्या तात्पुरत्या असतात. तारेला किंवा माइकला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर वाजवणं तिथेच थांबवा. ॲम्पचा प्लग काढा, इलेक्ट्रिशियनला बोलवा. "एवढं काही होत नाही" म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

## १२. पावसाळा आणि पुन्हा मोजणी

दुसऱ्या दिवशी रिलीफ आणि ॲक्शन पुन्हा मोजा. ०.०५ मिमीचा फरक असेल तर सोडून द्या.

जुलैत घरात वाळत घातलेले कपडे दोन दिवस ओले राहतात, तेव्हा लाकडाचंही तेच होतं. नेक फुगते, बाक बदलतो, ॲक्शन वर येते आणि लोक लगेच ब्रिज खाली घेतात. मग दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की सगळीकडे बझ. पावसाळ्यात ब्रिजला हात लावू नका, फक्त रिलीफ मोजा आणि गरज असेल तर ट्रस रॉडचा अष्टमांश-पाव आटा फिरवा. नोव्हेंबरात पुन्हा, मार्चमध्ये पुन्हा.

ओल धरणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर गिटार टांगू नका. पावसाळ्यात बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि त्या ओल्या झाल्या की बदला. एक स्वस्तातला हायग्रोमीटर बॅगेजवळ ठेवा. आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांत राहिली तर उत्तम, पण ऐन पावसाळ्यात कोल्हापुरात ती त्याच्या बरीच वर असते, तेव्हा आकड्याने घाबरून जाऊ नका.

शेवटी सगळी मापं एका कागदावर लिहून बॅगेच्या खिशात ठेवा: तारीख, तारांची जाडी, रिलीफ, बाराव्या फ्रेटवरची सहा मापं, पिकअपची उंची, ट्रस रॉड कधी किती फिरवला. गिटार कुणाकडे दुरुस्तीला द्यावी लागली तर हा कागदही सोबत द्या, आणि परत घेताना दुकानातच पोलादी पट्टी काढून त्याच्याशी पडताळून बघा.